गळ्यातलं कासव

साहेबांनी माझ्या गळ्यात पाटी घातली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.

सोमवार होता. सकाळची मीटिंग. शेलार गावाच्या पुढे गोदामांची रांग आहे, त्यातल्या एका गोदामात मी पॅकिंगला होते. आम्ही सगळे ओळीत उभे. साहेबांच्या हातात दोन पाट्या, लॅमिनेट केलेल्या, निळ्या फितीत ओवलेल्या. एकीवर वाघ, दुसरीवर कासव. मागच्या आठवड्यात ज्याचं पॅकिंग सर्वांत जास्त, त्याला वाघ. ज्याचं सर्वांत कमी, त्याला कासव. कासवाच्या चित्राखाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'मला ढकला, मी सुस्त आहे.' पाटी दिवसभर गळ्यात ठेवायची.

आणखी एक नियम होता. ज्याच्या गळ्यात कासव, पहिली टाळी त्यानंच वाजवायची. मग बाकीच्यांनी.

मी वाजवली.

त्या आठवड्यात मी परत आलेला माल बघत होते. फाटके खोके उघडायचे, आतली वस्तू पुसायची, पुन्हा बांधायची. ते काम स्कॅनरमध्ये मोजलं जात नाही. आणि ते मला साहेबांनीच दिलं होतं. मी तसं म्हणाले. साहेब तिशीतले, शिकलेले, कधी आवाज न चढवणारे. म्हणाले, "अहो ताई, गंमत आहे ही. मोटिव्हेशन. मनाला लावून घेऊ नका."

जेवणाच्या सुट्टीत लोडिंगवाल्यांपैकी एकानं खरोखरच माझ्या खांद्याला धक्का दिला. "लिखा है ना मौसी, ढकलो."

सगळे हसले. मीही हसले. त्या धक्क्याची लाज मला कधीच वाटली नाही. हसले त्याची अजून वाटते.

दोन वर्षांनी त्याच साहेबांनी मला लाइन लीडर केलं. नारंगी जॅकेट दिलं. वज्रेश्वरीच्या बाजूच्या पाड्यांवरून जीपनं नवीन बाया कामाला येणार होत्या. कुणीतरी त्यांना सांभाळायला हवं होतं. साहेब म्हणाले, "बाया तुमच्यातल्याच आहेत ताई. तुमचं ऐकतील."

आम्ही बौद्ध. माझा जन्म निजामपुऱ्यातला, वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. त्या बाया वारली. त्यांचे देव वेगळे, बोली वेगळी, घरं डोंगरात. साहेबांना दोन्ही एकच. 'तुमच्यातल्या' हा शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. जातीचं नाव न घेता जात सांगायची ती रीत आहे. समोरच्याला वाईट बोलल्याचं पापही लागत नाही.

मी जॅकेट घातलं. आणि खरं सांगायचं तर मला साहेबांचा राग कमी आला. मला त्या बायांत मोजलं, याचा जास्त आला. मी बारावी झालेली. विहारात मुलींना गणित शिकवणारी. मी कुठं आणि डोंगरातल्या अंगठेबहाद्दर बाया कुठं. हे लिहायला जड जातंय. पण मनात होतं ते हेच.

जॅकेट मिळालं त्याच महिन्यात आम्हा लाइन लीडरना एक दिवसाचं ट्रेनिंग होतं. शिकवायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. चांगलं शिकवलं त्यांनी. मी वहीत उतरवून घेतलं. माणसाला नावानं हाक मारा. काम सांगताना ते कशासाठी, तेही सांगा. चांगलं केलं तर चारचौघांत बोला, चुकलं तर बाजूला घेऊन बोला. आकडा कमी आला की माणसाला बोलण्याआधी त्याच्या कामाकडे बघा. साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. शेवटी बाईंना गुच्छही त्यांनीच दिला.

चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "मग आपल्या कासवाचं काय?"

ते हसले. "ते ट्रेनिंगमधलं असतं ताई. कामाचा फ्लोअर वेगळा."

मला फ्लोअर आणि ट्रेनिंग वेगळं करता आलं नाही. मी वहीप्रमाणे चालले. आठ बाया आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला आठही नावं पाठ होती. एकीचा हात टेबलापर्यंत नीट पोचत नव्हता, तिच्या पायाखाली लाकडी फळी दिली. डावऱ्या बाईची टेपची मशीन डाव्या बाजूला ठेवली. लेबल उलटं लागलं तर खोका परमुलखात जाऊन परत येतो आणि कुणाला तरी तो पुन्हा उघडावा लागतो, हे सांगितलं. नुसतं 'लेबल नीट लावा' म्हणून ओरडले असते तर कुणी ऐकलं नसतं. चार दिवसांत आमच्या लाइनवर उलटं लेबल लागायचं जवळजवळ थांबलं. फार काही केलं नव्हतं मी. विचारलं, बघितलं, एवढंच.

त्या आठजणींत सुकरी होती. पस्तिशीची असेल. वाचता येत नव्हतं. लेबलवरची अक्षरं ती चित्रासारखी लक्षात ठेवायची. "ह्यो शेपटीवाला हिकडं, ह्यो दोन काठ्यांचा तिकडं." पहिल्याच दिवशी तिला काम आलं. मला ती 'जाकीटवाली बाय' म्हणायची.

"जाकीटवाले बाय, यो कोट घालून झोपतंस का गं?"

"झोपते. साहेबांनी सांगितलंय."

"मंग तुजा नवरा कं करतं? सलाम?"

सगळ्या बाया खिदळायच्या. हात चालूच असायचे.

दोघीजणी स्कॅनरला घाबरत होत्या. तो पिंग वाजला की दचकायच्या, काहीतरी मोडलं म्हणून. मी सुकरीला म्हटलं, "तू उभी राहा त्यांच्याजवळ, शिकव." ती आठवडाभर उभी राहिली. आपलं काम सोडून. दोघी तयार झाल्या. त्यांनी बांधलेले खोके त्यांच्या नावावर चढले. सुकरीच्या नावावर जवळजवळ काहीच नाही.

मग सोमवार आला. त्या बायांचा तो दुसरा सोमवार. पहिल्या सोमवारी त्या ओळखपत्राच्या फोटोसाठी गेटवर उभ्या होत्या, त्यामुळे मीटिंग त्यांनी बघितलीच नव्हती.

साहेबांनी नाव वाचलं. सुकरी.

मी पुढे जाऊन हळूच म्हटलं, "सर, ती शिकवत होती. मीच सांगितलं होतं."

"छान. पण आकडा आकडा असतो." त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. "तुम्हीच घाला. तुमच्यातलीच आहे, तिला वाईट नाही वाटणार."

सगळे बघत होते. नारंगी जॅकेट माझ्या अंगावर होतं. मी गेले आणि घातली.

सुकरीनं मान वाकवली. हार घालून घेताना वाकवतात तशी. तिनं पाटी दोन्ही हातांत धरून पाहिली. कासव. मग ती पाटी तिनं कपाळाला लावली.

वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर कासव आहे. येणारे-जाणारे त्याला हळदकुंकू वाहतात. ते मला ठाऊक होतं, मी कितीदा पाहिलंय. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. तिला वाटलं, बक्षीस आहे.

साहेब म्हणाले, "टाळी."

मी तिला म्हटलं, "पहिली टाळी तू वाजव." तिनं वाजवली. जोरात, खूश होऊन. सगळं गोदाम पोट धरून हसलं. जीपमधल्या बाकीच्या सातजणींना हसण्याचं कारण कळलं नाही. त्याही हसल्या. त्यांच्यातल्या एकीला मान मिळाला म्हणून.

ती दिवसभर पाटी मिरवत काम करत होती. मी दिवसभर तिच्या टेबलाकडे जायचं टाळलं.

सुट्टी झाल्यावर ती गेटवर माझ्याकडे आली. "जाकीटवाले बाय, ही आज घरी नेऊ का? उंद्या आनून देते. त्या पोरीला वाघ गावला, माला कासव. दोनी देवच. माजे घरी दावते."

तिथं सांगता आलं असतं. जीप निघायला वेळ होता. आजूबाजूला साहेब नव्हते, कुणी नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं. तोंड उघडलं तर मी पाटी तिच्या गळ्यात का घातली, तेही सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "ने."

मंगळवारी सुकरी आली नाही. जीपवाल्यानं पाटी आणून दिली. धुतलेल्या फडक्यात नीट बांधलेली. "सुकरी न्हाय येनार बोलली," एवढंच तो म्हणाला.

बुधवारी मी सुट्टी टाकून बसनं गेले. वज्रेश्वरीच्या अलीकडे उतरून पाड्यापर्यंत चालत. सुकरी अंगणात लाकडं रचत होती. मला बघून थांबली नाही. थोड्या वेळानं तिनं खाट पुढे ओढली, बस म्हणाली नाही. मी बसले.

तिनंच सांगितलं. सोमवारी ती घरोघर फिरून पाटी दाखवून आली होती. मग घरात धान्याच्या कणगीच्या वर खिळ्याला टांगली. मंगळवारी सकाळी जीप यायच्या आत अंगणवाडीची बाई आली, तिनं वाचली. मोठ्यानं.

"हसले का लोक?" मी विचारलं.

"न्हाय. कोनी हसला न्हाय. सगले गप झाले."

ती पुन्हा लाकडं रचायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"गेटवर मी इचारलं, घरी नेऊ का. तवा पन?"

"हो."

"मंग सांगलं का न्हाय?"

नोकरी, जॅकेट, साहेब, हे सगळं मनात येऊन गेलं. त्यातलं एकही तिच्या अंगणात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "चल कामावर. पुढं असं होणार नाही, मी बघते."

"न्हाय. ईटभट्टीवर जाईन. थितं शिव्या देतात." तिनं एक लाकूड उचलून ठेवलं. "पन शिव्या कलतात माला."

मी उठले. निघताना ती म्हणाली, "तू आमच्यातली वाटलीस माला."

साहेबांच्या तोंडून हाच शब्द मला झोंबला होता. त्या बाईनं मला आपल्यात जागा दिली होती, न विचारता, आठ-दहा दिवसांच्या ओळखीवर. ती मी घालवली होती. बस येईपर्यंत मी रस्त्याकडेला उभी होते. रडू आलं नाही. रडण्यानं माझं मला बरं वाटलं असतं, आणि मला ते नको होतं.

पुढच्या सोमवारी साहेबांनी जीपमधल्याच दुसऱ्या एका बाईचं नाव वाचलं आणि मागच्या वेळेसारखीच पाटी माझ्यापुढे धरली. ती बाई पुढे येऊन मान वाकवून उभी राहिली. सुकरीबद्दल पाड्यावर सगळ्यांना कळलं होतं. तरी आली, तरी वाकली. तिला पर्याय काय होता?

मी पाटी घेतली. तिला म्हटलं, "मान वर कर." मग सगळ्यांकडे तोंड करून वाचलं. "यावर लिहिलंय, मला ढकला, मी सुस्त आहे. हे बक्षीस नाही. मागच्या सोमवारी मी हे सुकरीच्या गळ्यात घातलं आणि तिला सांगितलं नाही. ती माझी चूक होती. आज मी घालणार नाही."

साहेब आवाज न चढवता म्हणाले, "ताई, आपण केबिनमध्ये बोलू."

मी म्हटलं, "माझी चूक तुम्ही बाजूला घेऊन सांगणार. मग हिची चारचौघांत का?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला 'ताई' न लावता बोलले. "जॅकेट काढा. पॅकिंगला जा."

मी काढलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी स्वतः त्या बाईच्या गळ्यात पाटी घातली. टाळी म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाजवली. घरी तिच्या कमाईवर माणसं आहेत. मी तिला दोष देणार नाही. मी हात खालीच ठेवले. आणखी काहीजणींनी ठेवले. टाळ्या कमी पडल्या. बंद पडल्या नाहीत. पाटी आजही आहे.

सुकरी परत आली नाही. मी पुन्हा एकदा पाड्यावर गेले. दाराला कडी होती. घरचे सगळे भट्टीवर गेले होते, कुठल्या ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. माफी मागायची तर माणूस समोर लागतो. ती मागायची राहिली, आणि राहणारच आहे.

आता मी पुन्हा पॅकिंगला आहे. रोज सकाळी जीप येते तेव्हा गेटवर असते. नवीन बाई उतरली की आधी नाव विचारते. मग काम सांगण्याआधी पाटीवर काय लिहिलंय ते सांगते. टाळी न वाजवताही उभं राहता येतं, तेही सांगते. साहेबांनी त्यासाठी मला लेखी ताकीद दिली आहे. पुढचा कागद कामावरून काढल्याचा असेल. काढू देत. जीप रस्त्यावरूनच येते, आणि रस्ता गोदामाच्या मालकीचा नाही. मी तिथं उभी राहीन. उतरणाऱ्या प्रत्येक बाईला सांगेन.