चिंचेत भिजलेली तीन वर्षे

तार आली तेव्हा माझे हात चिंचेत होते. देवाची उपकरणी घासायला काढली होती. सुनेने तार वाचली, ओखामंडळात भाऊजी गेले... भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, गोविंदराव. दरबारच्या नोकरीत कारकून म्हणून तिकडे, द्वारकेकडे, गेले ते पेन्शनीतही बडोद्याला परतले नाहीत. मी हात धुतले. पुन्हा धुतले. चिंचेचा वास काही जाईना.

त्याला आता पाच आठवडे झाले. मध्यंतरी इथे शोकसभा झाली. तिथे एक निवृत्त साहेब (नाव घेत नाही, त्यांनाही नातवंडे आहेत) म्हणाले, गोविंदरावांना दगड जमवायचा छंद होता. बायकांच्या बाजूला बसलेली मी तिथेच उठून बोलायला हवे होते. उठले नाही. म्हणून आता लिहिते आहे, आणि रागानेच लिहिते आहे. कारण तो छंद नव्हता, आणि ते दगडही नव्हते.

ते समुद्रातले शेवाळ, पण अंगात चुना भरून घेणारे. जिवंत असते तेव्हा गुलाबी. तुटकी पोवळी सांधून हेच पाण्याखाली खडक बांधते, असे भाऊजी सांगत. शांत खाडीत ते मोकळ्या नाजूक फांद्यांनी वाढते, लाटा आपटतात तिथे आखूड गाठींचा घट्ट गोळा होते, आणि खोल अंधुक पाण्यात भाकरीसारखे पसरते. याच साहेबांनी, भाऊजींचे वरिष्ठ असताना, या तीन रूपांच्या तीन जाती ठरवून तीन चिठ्ठ्या लावल्या होत्या. भाऊजींचे म्हणणे, जात एकच, पाणी निराळे.

मी लग्न होऊन आले तेव्हा अक्कल बोराएवढी आणि जीभ मुसळाएवढी. लोक द्वारकेहून प्रसाद आणतात, तुम्ही धोंडे आणता, असे मी त्यांना पहिल्याच भेटीत सुनावले. ते हसून म्हणाले, "वहिनी, माहेरी तुम्ही मोकळ्या फांदीच्या होतात. आमच्या आईच्या लाटा बसू देत, मग बघा कसा गोळा होतो तुमचा." सासूबाई आत सगळे ऐकत होत्या. दोन दिवस भाऊजींच्या भातावर तूप पडले नाही.

आपले म्हणणे पटवायला त्यांनी खाडीतला एक फांदीदार तुकडा उचलून लाटांच्या तोंडी, खडकाच्या फटीत, तांब्याच्या तारेने बांधला. तीन वर्षे ओहोटी गाठून पाहत राहिले. वाढ इतकी सावकाश की तीन वर्षांत जेमतेम नखाएवढा थर. पण खाली मोकळ्या फांद्या आणि त्यांच्यावर घट्ट गाठी, दोन्ही रूपे एकाच अंगावर! तो तुकडा कापसात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते बडोद्याला आले. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायचा होता.

ते आले त्याच दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू. घरातली प्रत्येक वस्तू लखलखली पाहिजे, या हौसेत मी समया चिंचेत टाकल्या आणि ओसरीवरच्या तबकातला तो मळकट धोंडाही टाकला. बुडबुडे येऊ लागले. मळ सुटतोय म्हणून मी खूश! मग काथ्याने खसाखसा घासला. गाठी गेल्या, थर गेला, पांढराशुभ्र तुकडा मी मिरवत त्यांच्या हातात दिला. काय ती ऐट, आठवली की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्यांनी तो बराच वेळ बोटांनी चाचपला... "छान निघाला," एवढेच म्हणाले.

तोच तुकडा घेऊन ते गेले. झिजलेला दगड आहे, यावरून काही सिद्ध होत नाही, असे म्हणून साहेबांनी तो परत केला. वहिनीने घासला, हे भाऊजी बोलले नाहीत. घरच्या सुनेचे कचेरीत हसू झाले असते. हे मला यजमानांकडून कळले, तेही कितीतरी वर्षांनी. कुणी सांगितले होते इतके सभ्य व्हायला? आणि साहेबांना, कसा झिजला, हा एक प्रश्न सुचू नये? खुर्चीतून उठून एकदा तो किनारा पाहावासा वाटू नये?

शेवटचे आले तेव्हा मी भांडलेच. पुन्हा का नाही बांधलात, म्हटले.

"बांधलेत की, वहिनी. बरेच बांधलेत. दाखवायला मात्र कुणाकडे नेत नाही."

जाताना तिन्ही रूपांचे नमुने मांडलेले तबक माझ्याकडे ठेवून गेले, तो घासलेला तुकडाही त्यातच.

गेल्या आठवड्यात साहेबांचा शिपाई दारात. "बा, साहेबे पेलुं तबक मंगाव्युं छे." साहेबांना ते तबक हवे, प्रदर्शनात मांडायचे आहे म्हणे. सोबत पाकिटात सुरेख अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या, त्याच तीन जातींच्या. मी पाकीट तसेच परत धाडले.

तबक माझ्या खोलीत, देवांशेजारी आहे. तिन्ही रूपांपुढे मिळून मी एकच चिठ्ठी ठेवली आहे: 'जात एक, पाणी निराळे. शोधणारे, गोविंदराव.' घासलेल्या तुकड्यापुढे दुसरी: 'इथे तीन वर्षांची वाढ होती. ती मी घासून काढली.' साहेबांना तबक हवे असेल तर त्यांनी स्वतः यावे, चष्मा लावावा, दोन्ही चिठ्ठ्या माझ्यासमोर मोठ्याने वाचाव्यात आणि मग न्यावे. उपकरणी मी हल्ली राखेने घासते.