दादाला पडलेली मतं

माझा थोरला भाऊ एकदा नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला होता. घरातल्या पोरांना हे खरं वाटत नाही. त्यांनी दादाला सायकलच्या दुकानात मान खाली घालून पंक्चर काढतानाच पाहिलं आहे.

आमचं तालुक्याचं गाव जालन्याहून एसटीनं तासा-दीड तासावर. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. मी तेव्हा नुकती प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि आई, दादा, वहिनी यांच्याजवळ राहत होते. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. तोवर नगरसेवकच आपल्यातून अध्यक्ष निवडायचे. त्या वेळी पहिल्यांदाच लोकांनी थेट मत द्यायचं ठरलं आणि खुर्चीवरच्या अध्यक्षांची झोप उडाली. दुष्काळात पाण्याचा टँकर कुणाच्या दारात आधी थांबायचा, हे गाव विसरलं नव्हतं. त्यांच्याविरुद्ध उभे होते गावातले डॉक्टर. ते आमच्या वस्तीत यायचे, खाटेवर बसून रोगी तपासायचे. वस्तीची मतं त्यांचीच, यात कुणाला शंका नव्हती.

एका संध्याकाळी अध्यक्षांची निवडणूक सांभाळणारे वकील आमच्या घरी आले. आईनं दिलेलं पाणी त्यांनी पेल्याला तोंड लावून प्यायलं. गावातल्या वरच्या आळीचा माणूस आमच्याकडे असं पाणी पिताना मी पहिल्यांदा पाहत होते. दादाला ते ‘तुम्ही’ म्हणत होते.

“धर्म बदलून इतकी वर्षं झाली,” ते म्हणाले. “तुमच्या वस्तीनं किती दिवस दुसऱ्यालाच मतं द्यायची? तुमच्यातला माणूस कधी उभा राहणार?”

“पण साहेब, तुम्ही तर अध्यक्षांचे,” दादा म्हणाला.

“म्हणून खरं बोलू नये का? शिकलेले आहात, चार लोक तुमचं ऐकतात. विचार करा.”

ते गेल्यावर वहिनी म्हणाली, “अवो, आपण उभं राहून त्या मानसाचं काय भलं होऊन राह्यलं? फुकट कोन येतं आपल्या दारात?”

“सगळ्यांलाच कपटी समजायचं का मंग?” दादा म्हणाला. “माझ्या मनात होतं तेच बोलला तो. बराबर तेच.”

ते खरंच त्याच्या मनात होतं. सभेला सतरंज्या अंथरायला आमची माणसं लागायची. त्यावर बसणारे दुसरेच असायचे. हे तो पोरवयापासून बघत आला होता. वकिलांनी अनामत भरायची तयारी दाखवली, ती त्यानं घेतली नाही. स्वतःच्या पैशानं अर्ज भरला. निशाणी मिळाली छत्री. वस्तीतल्या बायकांनी चुन्यात नीळ कालवून भिंतींवर छत्र्या काढल्या. दादा दुकान बंद ठेवून दारोदार फिरला. नळ, गटार, मुलींची शाळा, एवढंच बोलायचा. पण बोलताना त्याचा आवाज असा मोकळा व्हायचा की मी थांबून ऐकायची.

शेजारच्या एका म्हातारीला आम्ही आत्या म्हणायचो. तिला धड दिसत नव्हतं. मतदानादिवशी ती नवं लुगडं नेसून वहिनीच्या हाताला धरून गेली. परत येताना भेटेल त्याला सांगत होती, “आज आपल्या लेकराला शिक्का मारून आले.”

मतमोजणी तहसिलीत झाली. अध्यक्ष निवडून आले. डॉक्टर थोडक्यात पडले. दादा तिसरा आला, पण वस्तीतली बहुतेक सगळी मतं त्याला मिळाली होती. घरी येताना तो खुशीत होता. “पुढच्या बारीला बघ,” मला म्हणाला.

तेवढ्यात मिरवणूक वस्तीकडे वळली. अध्यक्ष जीपमधून उतरले, स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी दादाच्या गळ्यात घातला आणि सगळ्यांसमोर हसून म्हणाले, “तू नसतास तर आम्ही पार गेलो होतो रे!”

दादाला आधी कळलंच नाही. तो हात जोडून उभा राहिला. मग त्यानं मागं उभ्या वकिलांकडे पाहिलं. वकील दुसरीकडे कुणाशी तरी बोलत होते. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. डॉक्टर जितक्या मतांनी पडले, त्याहून जास्त मतं दादाला पडली होती. हा हिशेब वकिलांनी आमच्या घरी पाणी पिण्याआधीच केला होता.

वस्तीतल्या काही पोरांनी आरडाओरडा केला, विकला गेला म्हणाले. ते त्याला सोसलं असतं. पण आत्या चाचपडत आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “पडला म्हून काय झालं बाबा. म्या तुलाच मारला शिक्का. पुन्हा बी तुलाच मारीन.” दादा तिच्यासमोरून उठून घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

पुढच्या पावसाळ्यात आईचा दमा वाढला. डॉक्टरांना बोलवायला दादाचे पाय उचलेनात, म्हणून मीच गेले. ते लगेच आले. त्यांनी इंजेक्शन दिलं. दादा दाराशी उभा होता. “डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला, “मला ठाव न्हवतं.”

“मला माहीत आहे,” डॉक्टर बॅग आवरत म्हणाले. “उभं राहणं तुमचा हक्क होता. लोकांनी मतं तुम्हालाच दिली, ती काही खोटी नव्हती.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं दादा वहिनीला म्हणाला.

नंतर वस्तीतल्या जाणत्यांनी त्याला दोनदा विचारलं. आता खरंच उभा राहा, आम्ही पाठीशी आहोत, म्हणाले. तो दोन्ही वेळा नको म्हणाला. “मी बोललेलं माझं का दुसऱ्याचं, तेच मला आता कळत न्हाई,” असं त्यानं एकदा मला सांगितलं. बरीच वर्षं आमच्या वस्तीतून दुसरं कुणी उभं राहिलं नाही. कुणी नाव काढलं की लोक दादाच्या दुकानाकडे बघायचे आणि गप्प व्हायचे. तो चाकाला हवा भरत असायचा.