डोंगराआडची कोथिंबीर

रविवारी सकाळी कात्रजहून एसटीत बसलो, तेव्हा माझा हेतू एकच होता: साहेबाला सापडायचं नाही. मोबाइल बंद ठेवला तर नोकरी जाते. रेंज नसली तर दोष निसर्गाचा. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून पलीकडे भात आणि अलीकडे बाजरी, एवढा भूगोल शाळेत शिकलो होतो. तो टॉवरही अडवतो, हे आयटीत आल्यावर कळलं. अशा डोंगराच्या पायाच पडलं पाहिजे.

फाट्यावर उतरून भजी खाल्ली. तेल फार आहे म्हटलं, तर मालक म्हणाला, "त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत." पुण्याबाहेर आल्यासारखं वाटेना.

तासभर चढून खिंडीत (दोन डोंगरांमधल्या वाटेवर) पोचलो आणि खिशातला मोबाइल थरथरायला लागला. घात झाला, इथे रेंज होती. दगडावर एक बाई बसल्या होत्या. हिराबाई. खालच्या गावात रेंज नाही, म्हणून रोज इथवर चढतात आणि दूधवाल्याच्या मोबाइलवरून मार्केट यार्डात आडत्याला (माल विकून देणाऱ्या दलालाला) भाव विचारतात. आज दूधवाला फिरकला नव्हता.

"दादा, येक फोन लावू द्या. भाव बरा असंल तर कोथिंबीर उपटायची. न्हाईतर टेंपोचं भाडंबी अंगावर येतंय."

खाली शेतात नवरा आणि जाऊ वर बघत उभे होते. हिराबाईंनी टॉवेल हलवला की उपटायला सुरुवात.

"देतो ना ताई," म्हणालो, तोच साहेबाचा फोन आला. "एकच मिनिट हं."

साहेबाला स्क्रीनवरचं बटण निळं हवं होतं, आम्ही हिरवं केलं होतं. त्यावर आम्ही दोघं सुशिक्षित माणसं पंचवीस मिनिटं भांडलो. मग बॅटरी संपली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिराबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पश्चिमेच्या काळ्या ढगांकडे बघत राहिल्या.

"तिकडं चार दिस झोडपतोय. तिकडचा माल कुजला असंल. मंग आमच्या जुडीला भाव हाय."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? टेंपो थांबायचा न्हाई."

त्यांनी टॉवेल हलवला. खाली दोघंही वाकले.

सोमवारी संध्याकाळी वारज्यात अर्धा किलो बटाटे घेतले. भाजीवाल्यानं न विचारता कोथिंबिरीच्या तीन जुड्या पिशवीत टाकल्या.

"पावसानं माल कुजला नाही का?" मी विचारलं.

"मावळातला कुजला की. पण कालपासून नाशिकचे ट्रक येतायत, रग्गड. घ्या, फुकट आहे."

"पैसे घ्या हो."

"फुकट घ्यायलाही कटकट?"

हिराबाईंनी डोंगरापलीकडचा पाऊस बरोबर ओळखला होता. ट्रकांचं आडत्यानं फोनवर सांगितलं असतं.

"अहो, एवढी कोथिंबीर?" बायको म्हणाली.

"वड्या कर."

वड्या खमंग झाल्या. मला एकही खाववली नाही.