हजेरीतलं शेवटचं नाव

मंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीचे पेपर तपासत होतो. आजार होताच, पण इतक्या लवकर... पुढचे दोन पेपर मी तसेच तपासले. काय वाचलं, देव जाणे.

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षक दोनच, त्या आणि मी. महिन्यातून एकदा बाई पहिली-दुसरीच्या पोरांकडून आगीचा सराव करून घेत. खिचडीच्या ताटलीवर पळी वाजली की दप्तर, चपला टाकून थेट चिंचेखाली पळायचं. मग हजेरी. नाव घेतलं की ‘हजर’ नाही, ‘भायेर!’ म्हणायचं. सगळ्यात शेवटी बाई ‘बाळू’ असं नाव घेत. पटावर बाळू नावाचं कुणीच नव्हतं, तरी पोरं एका सुरात ओरडत, ‘भायेर!’ मला तो निव्वळ पोरखेळ वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवी. त्या हसून सोडून देत.

गेल्या उन्हाळ्यात मोठ्यांना शेतात पाला-शेण पेटवून राब भाजताना बघून पहिलीतल्या सुमननं शाळेमागचा पाचोळा पेटवला. आम्ही तो विझवला, पण पोरगी दिसेना. शेवटी कपाटामागे सापडली. “काडी कुणी ओढली?” म्हणत मी तिला एक ठेवून दिली. मंदाबाईंनी माझा हात धरला. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई, पण म्हणाल्या, “सर, ता इचारायचं नाय... कधीच नाय.” आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही फुगून बसलो.

दहाव्याला त्यांच्या माहेरी, शेणव्याला गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या आईला सराव सांगितला, बाळूचं नाव सांगितलं. म्हातारी सांगू लागली.

“बाळू तिचा धाकला भाव. आमी राबाला गेलो व्हतो. दोघांनी काड्या खेळता खेळता घरातला पेंढा पेटवला. तो पन भायेर येत व्हता, तर हीच बोलली, लप रे, आये मारंल... कणगीमागं लपला तो, तिथंच ऱ्हायला.” मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “आन् मी खरंच मारायची, मास्तर.”

सुमनच्या गालावर उठलेली माझी बोटं आठवली. लाज वाटली. अजून वाटते.

परवा पहिल्यांदा मी एकट्यानं सराव घेतला. पोरं चिंचेखाली आली, नावं झाली, मी हजेरीपट मिटला. कुणी जागचं हलेना.

“सर,” सुमन म्हणाली, “बाळू ऱ्हायला नं.”

मी नाव घेतलं.

सगळी पोरं ओरडली, “भायेर!”