बोंडा, बैठका आणि कापसाचा काटा

अमरावतीत असताना मी एकशे एक किलोचा होतो. ही बढाई नाही, आणि असलीच तर हातभर कमीच आहे. मी सायकलरिक्षाला हात केला की रिक्षावाला आधी चाकांकडे बघायचा, मग आभाळाकडे. नांदगाव खंडेश्वरच्या एका लग्नात मी पंगतीला बसलो, तर शेजारचे दोघे पत्रावळीसकट सरकले ते थेट वाढप्यांत जाऊन पडले. हे सगळं वजन गिलावड्याचं. थंड दह्यात बुडालेला, वरून चटणीनं पेटलेला अमरावतीचा गिलावडा ज्यानं खाल्ला नाही, त्याला मी दोष देत नाही. कीव करतो.

मग एकाएकी मला ड्रिल मास्तर व्हायचं वेड लागलं. घरचे तीन दिवस हसले. चौथ्या दिवशी मी आखाड्यात उतरलो आणि दीड वर्षात एकवीस किलोंचा घाम तिथल्या मातीत मुरवला. त्या जागी पुढं एक कडुनिंब उगवला, त्याची पानं खारट लागतात, असं लोक सांगतात. सांगणारा मीच होतो, ही गोष्ट वेगळी.

असा मी ऐंशी किलोचा सडपातळ माणूस होऊन अकोल्याच्या एका शाळेत रुजू झालो. हेडमास्तर पुण्याकडचे. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या आधी वर्गात शिरायचं. पण माझा जुना फोटो त्यांना कुणीतरी दाखवला होता.

"हे पाहा," ते म्हणाले, "वर्षभर आपण तात्पुरते. मार्चमध्ये सरकारी डॉक्टरांचा दाखला आणायचा. काटा ऐंशीच्या पुढे गेला तर नोकरी कायम होणार नाही. पोट सुटलेल्या मास्तरानं मुलांना 'पोट आत' म्हणणं बरं दिसत नाही."

मी पोट आत घेतलं आणि 'हो' म्हणालो. बाहेर येऊन श्वास सोडला.

वजन उतरवणं सोपं असतं हो! पण उतरवलेलं वजन म्हणजे पोत्यात घालून गावाबाहेर सोडलेलं मांजर. चार दिवसांनी दारात हजर. आणि माझं दार होतं जठारपेठेत, एका काकूंच्या भज्यांच्या गाडीसमोर. चार वाजता त्यांच्या कढईत पहिला आलुबोंडा पडला की त्याचा 'चर्र' आवाज मला शाळेच्या मैदानावर ऐकू यायचा. शाळा दीड मैलावर होती.

पहिले आठ दिवस मी मान खाली घालून गाडीसमोरून गेलो. नवव्या दिवशी काकूंनी झारा रोखला.

"काहून जी मास्तर, तोंड लपवून कुठं चालले? माहा बोंडा काय चावते काय तुमाले?"

"काकू, मले वजन सांभाळाचं हाय."

"मंग सांभाळा ना! बोंडा म्या सांभाळून ठेवला, वजन तुमी सांभाळा."

हा युक्तिवाद ऐकून संपेपर्यंत माझं तोंड भरलेलं होतं. मग मी स्वतःशीच एक तह केला: एका बोंड्याला पन्नास बैठका. आज खायचा, उद्या सकाळी बैठका मारायच्या. दोन बोंड्यांना शंभर. तिसरा झाला तर कापसाच्या बाजारापर्यंत पळत जायचं. माझ्या बैठकांनी घरमालकाच्या मांडणीवरची भांडी वाजायची. शेजारणी त्यावरून चहाचं आधण ठेवत.

वजन बघायची सोयही फुकटात झाली. शेजारच्या खोलीतले मामा बाजारात मापारी होते. कापसाचं पोतं काट्यावर चढलं की खड्या आवाजात वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. दिवाळीनंतर हंगाम भरात आला. दर रविवारी सकाळी मी पळत पळत, घामानं निथळत बाजारात पोचायचो आणि पोत्यांच्या आधी काट्यावर उभा राहायचो. मामा डोळे बारीक करून काटा बघायचे आणि पुकारायचे, "ऐंशीऽऽ!"

बोंडे दोनाचे तीन झाले. "ऐंशीऽऽ!" तिनाचे चार झाले. "ऐंशीऽऽ!"

बाप्पा, काय तो आनंद! मी जगातला एक मोठा शोध लावला होता. बोंडा आणि बैठक एकमेकांना खाऊन टाकतात आणि माणूस होता तिथंच राहतो! मी हा शोध पोरांना सांगितला, शाळेच्या शिपायाला सांगितला, एकदा तर हेडमास्तरांना सांगता सांगता जीभ चावली. पायजम्याची नाडी तेवढी वीतभर आखूड वाटायला लागली होती. पण कापड धुतल्यावर आटतंच.

फेब्रुवारीत एका रविवारी माझ्या पाठोपाठ एका शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं. मी टॉवेलनं मान पुसत सहज काट्याकडे पाहिलं. काटा एक आकडा सांगत होता आणि मामांनी त्याहून चार किलो कमी पुकारले.

"मामा, चार कमी कावून?"

"बारदान्याचा, म्हंजे रिकाम्या पोत्याचा एक, ओलीचे तीन. कापूस ओला हाय. कडता कापाच लागते, बाजाराची रीत हाय."

मी टॉवेल खाली केला. "मामा... माहा बी कडता कापून राहिले काय तुमी?"

"मंग! कपड्याचा बारदाना एक. अन् तू तर पाण्यात बुडवल्यावानी येतं. ओलीचे तीन. बाजारात सगळ्याईले न्याय सारखा, भाऊ."

मी पुन्हा काट्यावर चढलो. "आता काही कापू नका!"

मामांनी डोळे बारीक केले. हळूच म्हणाले, पुकारलं नाही. "चौऱ्यांशी."

दाखल्याला वीस दिवस होते.

मी बोंडा सोडला. पार सोडला. पहिला दिवस शौर्याचा गेला. दुसऱ्या दिवशी मैदानावरचा फुटबॉल मला तळलेला दिसायला लागला. चौथ्या दिवशी शिट्टीला कोथिंबिरीचा वास आला. पाचव्या दिवशी मी काकूंच्या गाडीवर उभ्या उभ्या सात बोंडे खाल्ले. आठवा उचलताना डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीचं नव्हतं.

"काय झालं जी?" काकूंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. दाखला, ऐंशी, चौऱ्यांशी, नोकरी.

काकूंनी माझ्या हातातला बोंडा काढून घेतला. "अवो, तुमचं गणितच उलटं हाय. आज खाता अन् उद्या उठता-बसता. पोटात गेलेल्या बोंड्याले उद्याची काय घाई? आता आधी पन्नास. इथं, माह्यासमोर. मंग एक बोंडा. एकच!"

"इथं? रस्त्यावर?"

"पोट बी रस्त्यावरच दिसून राहिलं ना?"

झालं! रोज चार वाजता जठारपेठेत तमाशा. मी बैठका मारतोय, काकू झाऱ्यानं कढईच्या काठावर ठोका धरताहेत, आणि माझ्याच वर्गातले पोट्टे ओरडून मोजताहेत. एकोणतीसनंतर ते हटकून पुन्हा पंचवीसवर यायची. गणिताच्या मास्तरांनी त्यांना मोजणं शिकवलं नसेल, पण मला घामानं हिशेब कळत होता. पन्नास म्हणता म्हणता ऐंशी व्हायच्या. पण मंडळी, त्या ऐंशी बैठकांनंतरचा तो एक बोंडा! आधीचे शेकडो बोंडे मी फक्त गिळले होते. हा मी खाल्ला.

मधल्या रविवारी सायकल काढून अमरावती गाठली. समोरून असं वारं की वाटेतलं मूर्तिजापूर मला दोनदा लागलं. तिथं एक प्लेट गिलावडा, एकच, खाल्ला आणि तसाच परत फिरलो. येतानाही वारं समोरूनच होतं. वऱ्हाडातलं वारं माणूस बघून वाहतं.

दाखल्याच्या दिवशी ड्रिलच्या पूर्ण पोशाखात दवाखान्यात गेलो. मामा सोबत. डॉक्टरांनी काटा पाहिला. "साडेऐंशी."

मी पोट आत घेतलं, काटा हलला नाही. तेवढ्यात दारातून मामा गरजले, "डॉक्टरसाहेब, बारदाना कापा ना जी!"

"हा दवाखाना आहे, कापसाचा बाजार नाही," डॉक्टर म्हणाले. मग खाली माझ्या खिळेवाल्या बुटांकडे बघून हसले. "पण बूट काढा."

बूट काढले, रुंद पट्टा काढला, शिट्टीसुद्धा काढली. अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं. "अठ्ठ्याहत्तरऽऽ!" मामांनी असं पुकारलं की बाहेरच्या रांगेतला एक पेशंट औषध न घेताच बरा होऊन घरी गेला.

दाखला खिशात घालून मी पळतच जठारपेठेत आलो. "काकू, नोकरी पक्की! द्या बोंडा!"

"पह्यले पन्नास."

"काकू, आजच्या दिवस तरी!"

"नोकरी पक्की झाली, पोट पक्कं झालं नाई अजून."

मी शिट्टी तोंडात धरून बैठका सुरू केल्या. वीस झाल्या असतील, तोच छत्री टेकत हेडमास्तर समोर उभे राहिले. "मास्तर! भर रस्त्यात हे काय चाललंय?"

मी दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, त्याची घडी घातली, आणि त्यांची नजर हळूहळू कढईकडे गेली. नुकताच नवा घाणा पडला होता. चर्र...

"एक आम्हालाही द्या," ते हळूच म्हणाले.

काकूंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. पोटाशी नजर जरा जास्तच थांबली. "पह्यले पन्नास जी."

हेडमास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, छत्री माझ्या हातात दिली आणि धोतराचा काचा मारला. मी शिट्टी फुंकली.

"पोट आत, सर!"