ओळंब्यातला टावर

मोबाइलच्या गेममधले टावर मी लय पाह्यले. बंदूक घेऊन लपायचे, राक्षस बसलेले, गोल जिन्याचे. माझे बाबा गवंडी. चिखलीतल्या कितीतरी घरांच्या भिंती त्यायच्या हातच्या. माझ्या खांद्यावरून गेम पाहून ते एकदा म्हणाले, "ह्या बुरजाले पायाच नाही. काऊन चढून राह्यली तू त्याच्यावर?" मी लय हासली.

मंग त्यायले लकवा मारला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, पहिल्या काही महिन्यांत हात येईन तेवढा येईन. दाबाले रबरी चेंडू दिला. बाबानं तो डाव्या हातानं कोपऱ्यात भिरकावला. "मी का लेकरू हाय?"

मी बी काही कमी तापट नाही. मी चेंडू हातात कोंबायची, ते फेकायचे. शेवटी मोबाइलमध्ये एक गेम टाकला. डावीकडून फरशी सरकत येते, बोट टेकवलं की खालच्या फरशीवर बसते. जेवढी बाहेर निघाली तेवढी तुटून पडते. बाबा पाहत राह्यले. मंग म्हणाले, "हे तं माहंच काम हाय."

रोज दुपारच्या चहानंतर उजवं बोट चाले. तीन मजले, पाच मजले. बोट उशिरा पडे, म्हणून टावर उजवीकडं झुकत जाई. बाबा स्वतःलेच शिव्या देत अन् पुन्हा सुरू करत. चौदा मजल्यांवर आले तवा मले रडूच आलं.

मंग कितीक दिवस चौदाच. बाबा चिडून अर्ध्यावर सोडू लागले. हात येण्याचे दिवस सरत चालले होते अन् माझा धीर सुटला. जळलं माझं शहाणपण! ते झोपले असताना मी चाळीस मजले चढवले अन् उठल्यावर दाखवले. "पाहा बाबा, गोळीच्या गुंगीत तुमीच केलं!"

त्यायनं मोबाइल जवळ घेतला. भिंत पाहताना मिटत तसा एक डोळा मिटला.

"हा ओळंब्यात हाय. दोरीले वजन बांधून सोडलं तरी फरक निंघनार नाही. माहं काम उजवीकडं झुकते." मंग हळूच म्हणाले, "डॉक्टरनं तुले सांगतलं ना, हात येत नाही म्हून? नाहीतं खोटं काऊन केलं असतं?"

"नाही हो बाबा! तुमची शपथ!"

डॉक्टर तं हात येईन असंच म्हणत होते. मी फोन लावून बाबाच्या कानाशी धरला. त्यायनं सारं ऐकलं. म्हणाले, "त्यायले बी तूच शिकवलं असन."

त्या दिवसापासून बोट हलवलं नाही. मी पाया पडली, भांडली, जेवण सोडलं. हात मांडीवर पडून पडून आखडला, मूठ मिटली ती मिटलीच. आंघोळीच्या वेळी मी एकेक बोट जोर लावून उघडते अन् तळव्याले साबण लावते. बाबा दुसरीकडं पाहतात.