गयासोद्दीन मिस्त्रीची कासवं

"एकटा जीव जल्दी मरतो, त्याला चारचौघांत सोडा." आमच्या गावचा मोटारमिस्त्री गयासोद्दीन हे सगळ्यांनाच सांगायचा. रुसलेल्या पोराच्या बापाला, आजारी शेळीच्या मालकाला.

आमचं गाव कुंभार पिंपळगावाच्या अलीकडं. पाणी निर्मळ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची आमच्याकडं जुनी रीत आहे. पण उन्हाळ्यात विहीर आटते, अन् कासव गाळात रुतून बसतं. जळालेली पाण्याची मोटार काढायला गयास उतरला की कासवही वर आणायचा. ओल्या पोत्यात गुंडाळून महादेवाच्या देवळामागच्या पायऱ्यांच्या बारवेत सोडायचा. ती बारव कधी आटत नाही. बारवेशेजारी राहणारी उषाबाई कासवांना कणकेच्या गोळ्या टाकायची.

"देव आमचा अन् लेकरं तुमची, गयासभाऊ," ती चिडवायची.

"खातात तुमच्या हातचं. म्या निस्ता हमाल."

यंदा होळीनंतर त्यानं एक कासव आणलं. नाकाला बुडबुडे, श्वासाला बारीक शिटी. सर्दी असेल म्हणून त्यानं ते घरी टबात ठेवलं, कोवळ्या उन्हात शेकलं. ते काही खाईना. करमत नसेल, असं वाटून गयासनं त्याला बारवेत सोडलं. आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं.

वैशाखात कासवं एका अंगावर कलून तरंगू लागली. मान वर, तोंड उघडं. कणकेच्या गोळ्या पाण्यावर तशाच फुगून राहू लागल्या.

जालन्याहून जनावरांची डॉक्टर राजनंदिनी आली. एकेक कासव जाळीनं काढून तिनं वजन केलं, डोळे बघितले, नाक बघितलं. पाठीवर ओलं फडकं ठेवून त्यावर छाती तपासायची नळी लावली. कासव धरायला गयासच होता.

"काय ऐकू येतं, बेटा?"

"न्यूमोनिया आहे, चाचा. आधी कोणतं आजारी होतं?"

त्यानं काहीच लपवलं नाही.

"ते वेगळं ठेवायचं होतं. एकाचं दुसऱ्याला लागतं."

"वेगळंच ठेवल्तं. एकटं झुरत होतं, म्हणून तर सोडलं."

डॉक्टरबाईनं नळी गुंडाळून पिशवीत ठेवली.

"पाण्यात औषध टाकलं तर?" गयासनं विचारलं.

"एवढ्या पाण्यात नाही चालत. जास्त आजारी आहेत ती मी नेते. बाकीच्यांचं सांगता येत नाही. इथं नवं कासव सोडू नका, इथलं बाहेर नेऊ नका."

तेव्हापासून गयास पायरीवर बसून राहायचा. मेलेलं कासव जाळीनं काढायचा, लिंबाखाली पुरायचा. मोटारी तशाच पडल्या.

एक दिवस अंगद बादली घेऊन आला. त्याच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं.

"चाचा, सुरुंग लावून राह्यलोत. त्याच्या आधी हे कासव काढलं. बिलकुल ठणठणीत हाय."

"इथं न्हाई सोडायचं."

"मंग कुठं? कॅनॉल कोरडा, नदी कोरडी. घरी ठेवलं तर वनखातं माझ्यावरच केस करंल."

गयास बादलीत हात घालायला वाकला, पण हात तसाच मागं घेतला. आत्ताच त्या हातानं आजारी कासव धरलं होतं.

"तुम्हीच सांगा ना, चाचा."

हात अंगापासून लांब धरून गयास पायऱ्या चढला अन् शेताकडं जाणाऱ्या पांदीच्या वाटेला लागला. बादली धरलेला अंगद, दारातली उषाबाई अन् मी, आम्ही तिघं बघत राहिलो. त्याला हाक मारायचं कुणालाच सुचलं नाही.